बारा नावांचा सातबारा

2023 च्या दिवाळीच्या तोंडावर काकीचा फोन आला. तिला फोन करायचा तर घरामागची चढण चढून खिंडीत जावं लागतं, तिथल्या एका आंब्याखालीच रेंज येते. त्यामुळे कारणाशिवाय ती फोन करत नाही. मी इथे काळाचौकीला चकल्या तळत होते. "गव्यांनी नाचणी आडवी केली बघ," ती म्हणाली. "येक कणीस उभं न्हाय. फारेष्टवाला येऊन गेला. म्हनला, मावशी, भरपाईला तुमच्या नावाचा सातबारा लागंल. माज्या नावाचा सातबारा कुठं असतोय गं?"

मला वाटलं, असेलच. मोठे काका 2009 साली गेले. ते असतानाही आणि गेल्यावरही त्या वावरात राब भाजणं, पेरणं, लावणी, राखण, कापणी, मळणी हे सगळं काकीच करते. रात्री आवराआवर झाल्यावर मी 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. भोगवटादाराच्या रकान्यात एकच नाव होतं: मोठ्या काकांचं. नावापुढे तीन अक्षरं, ए.कु.मॅ.

काकी नाही, तिची मुलं नाहीत, माझे वडील नाहीत, धाकटे काका नाहीत, आत्या नाहीत. चौदा वर्षांपूर्वी वारलेला एक माणूस कागदावर अजून सगळी जमीन कसत होता.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला की थोरल्या मुलाचं नाव लावायचं आणि पुढे ही अक्षरं लिहायची, म्हणजे तो सगळ्या भावंडांच्या वतीने जमीन सांभाळतो असा अर्थ. एका चुलीवर जेवणाऱ्या कुटुंबाला ते पुरत असेल. आमची चूल कधीच एक राहिली नाही. एक गावात होती आणि बाकीच्या मुंबईत.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. घरं इतकी थोडी की नाव लिहिलं तर कोण काकी आणि कोण आत्या हे खोऱ्यातल्या कोणालाही लगेच कळेल. ते कोयनेच्या खोऱ्यात, तापोळ्याच्या पलीकडच्या अंगाला आहे एवढं पुरे. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर आणि शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे पर्यटक जिथे स्ट्रॉबेरी खाऊन परत फिरतात तिथून सातशे मीटर खाली उतरलं की तापोळा येतं. तिथे सोळशी नदी कोयनेला मिळते. तापोळ्याहून पुढे तराफा. त्यावर जीप, मोटारसायकली, सिमेंटची पोती, शेळ्या आणि माणसं एकत्रच चढतात. वारा असला किंवा पाऊस पडत असला की थांबायचं. पलीकडे उतरलं की कच्चा रस्ता, आणि तो संपला की पायवाट.

2011 च्या जनगणनेत अख्ख्या महाबळेश्वर तालुक्याची लोकसंख्या 73 हजारांच्या आसपास होती. त्यातली दोन गावं, महाबळेश्वर आणि पाचगणी, बाजूला काढली की उरलेली माणसं डोंगराच्या सोंडांवर आणि दऱ्यांत विखुरलेली. आमच्या गावात सव्वीस घरं आहेत. मी गेले तेव्हा संध्याकाळी नऊ घरांत दिवा लागत होता. मतदार यादीत दोनशेच्या वर नावं, गावात झोपणारी माणसं सतरा. शाळेत चार मुलं आणि एक गुरुजी. ग्रामपंचायत तीन गावं मिळून एक, गट ग्रामपंचायत, तिचं कार्यालय मधल्या गावात, म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या चालीवर. आरोग्य केंद्र पाण्याच्या पलीकडे. बाळंतपण जवळ आलेली बाई महिनाभर आधीच वाईला नाही तर मुंबईला नेऊन ठेवतात.

हे गाव मुळात इतकं वर नव्हतं. जुनं गाव खाली नदीकाठी होतं. कोयनेचं धरण बांधलं ते दूर खाली, पाटण तालुक्यात देशमुखवाडीला. पण 1960 च्या दशकात पाणी अडल्यावर ते पन्नासेक किलोमीटर मागे खोऱ्यात शिरत आलं. नदीच्या दोन्ही तीरांची भाताची खाचरं, म्हणजे खोऱ्यातली खरी पिकाऊ जमीन, पाण्यात गेली. शंभराच्या आसपास गावं उठली. कोणी रायगडला, कोणी ठाण्याला, रत्नागिरीला, सोलापूरला, सांगलीला. ज्यांना जायचं नव्हतं ते आपलं देऊळ आणि पाट्या-वरवंटे घेऊन वर सरकले. आमचे आजोबा त्यांतले. वर होतं काय, तर उतार. कातळ, मुरूम, कारवीचं रान आणि मध्येमध्ये मुरे. मुरा म्हणजे डोंगराच्या अंगावरचा सपाट टप्पा. पूर्वी पावसाळ्यात गुरं तिथे नेत. आता तिथेच नाचणी आणि वरी.

अडवलेलं ते पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरतं, त्यावर वीज होते आणि पुढे ते वाशिष्ठीला मिळून चिपळूणवरून समुद्राला जातं. सगळे टप्पे मिळून 1,960 मेगावॅट. मी शाळेत हा आकडा पाठ केला होता तेव्हा काकीच्या घरात चिमणी होती.

या उतारावरच्या शेतीवर घर चालत नाही हे पहिल्या पाच वर्षांतच कळलं. आबा, म्हणजे माझे वडील, 1971 साली मुंबईला आले. माथाडी कायदा 1969 चा. मशीद बंदरच्या धान्यबाजारात जावळी, महाबळेश्वर, पाटणकडची माणसं टोळ्या करून काम करत होती. टोळीत शिरायला ओळख लागायची आणि ओळख म्हणजे गाव. चिंचबंदरला आमच्या गावाची एक खोली होती. दहा बाय पंधराची, त्यात बावीस माणसं पाळीपाळीने झोपायची. भिंतीला खुंट्या आणि खुंटीला ट्रंका. आबांचा आकडा, पोतं ओढायचा लोखंडी हूक, अजून आईने कपाटात ठेवला आहे. मूठ घासून घासून गुळगुळीत झाली आहे. बाजार वाशीला हलला तसे आबाही रोज तिकडे जाऊ लागले. पगारातला ठरलेला वाटा गावी जायचा. मोठे काका आणि काकी शेत, गुरं, आजी आणि देव सांभाळायचे. या वाटणीबद्दल घरात कधी कोणी तक्रार केलेली मला आठवत नाही. पण कागदावर तिची नोंद कुठेच नव्हती.

2024 च्या जानेवारीत मी हे काम हाती घेतलं. दादाची नोकरी पाळ्यांची, धाकटा दुबईत, काकीचा मुलगा नालासोपाऱ्याला रिक्षा चालवतो, एक दिवस गाडी उभी राहिली की घरात चणचण. माझी नोकरी शाळेच्या कार्यालयातली. कागद लावणं, खाडाखोड शोधणं, अर्ज लिहिणं हे मी रोज करते.

पहिल्यांदा गेले ते चुकीचा कागद घेऊन आले. ग्रामपंचायतीत मी "आठचा उतारा" मागितला आणि मला नमुना 8 मिळाला. तो घराच्या कर आकारणीचा. जमिनीचा हवा असतो तो आठ-अ, आणि तो तलाठ्याकडे. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण खोऱ्यात अजून भाऊसाहेबच म्हणतात. एका सजेत पाच-सहा गावं, मध्ये तलाव, त्यामुळे भाऊसाहेब आज कोणत्या काठाला आहेत हे आधी विचारून निघावं लागतं. मी न विचारता गेले होते. मुंबईहून रात्रभर एसटी, मग जीप, मग तराफा, आणि भाऊसाहेब त्या दिवशी तालुक्याला. घर कर नावावर करून घ्यायला नमुना 8 पुढे कामी आला, पण त्या दिवशी मी तराफ्यावर बसून रडले होते.

दुसऱ्या खेपेला भाऊसाहेब भेटले. तरुण होते, विदर्भातले. त्यांनी सातबारा पाहिला आणि सांगितलं, "ताई, हे एक काम नाही, दोन आहेत. आधी ए.कु.मॅ. कमी करून तुमच्या आजोबांच्या सगळ्या मुलांची नावं लावायची. मग त्यांतले जे मयत आहेत त्यांच्या वारसांची नोंद. पण आजोबांना मुलं किती, हे कशावरून? तो जुना फेरफार काढा."

सातबाऱ्यावर जमिनीच्या बाजूला वर्तुळांत बारीक आकडे असतात, ते फेरफारांचे क्रमांक. जमिनीच्या हक्कात झालेला प्रत्येक बदल गाव नमुना 6 मध्ये लिहिला जातो आणि त्याचा क्रमांक सातबाऱ्यावर येतो. आमच्या उताऱ्यावर असे चार आकडे होते. तिसरा 1979 चा. त्याची नक्कल तालुक्याच्या अभिलेख कक्षातून मिळवायला अर्ज, फी आणि दीड महिना लागला.

ती नक्कल मी दादरच्या पुलावर उभी राहून वाचली. निळसर शाईची, झरझर लिहिलेली पण सुवाच्य अक्षरं. 'खातेदार अमुक हे मयत झाले. त्यांस वारस' आणि खाली तीन मुलगे. त्याखाली, शेवटच्या दोन ओळींत, मुली. माझ्या दोन्ही आत्यांची नावं, लग्नानंतरची, गावांसकट. म्हणजे 1979 साली ज्या कोणी ती नोंद लिहिली त्याने त्यांना विचारून, मोजून लिहिलं होतं. सातबाऱ्यावर येताना पाचातलं एकच नाव वर आलं आणि बाकी चार त्या वहीत राहिली. पंचेचाळीस वर्षं ती कोणी पाहिलीच नव्हती. मला त्या लिहिणाऱ्या माणसाबद्दल फार कृतज्ञता वाटली. तो कोण होता हे सहीवरून लागत नाही.

वंशावळ मात्र मुंबईतच जुळवावी लागली. आमच्या गावचं ग्रामस्थ मंडळ महिन्याच्या दुसऱ्या रविवारी घाटकोपरला भरतं. बाहेरून पाहणाऱ्याला ती यात्रेची वर्गणी काढणारी बैठक वाटेल. खरं म्हणजे गावाचे निम्मे निर्णय तिथे होतात. पाण्याची टाकी कुठे बसवायची, देवळाच्या पत्र्याचं काय, कोणाच्या म्हातारीला दवाखान्यात न्यायचं, लाँच बिघडली तर पैसे कोण घालणार. गावात सतरा माणसं आणि घाटकोपरच्या त्या सभागृहात साठ-सत्तर. ज्या सोंडेवर मी उभं राहून वारा खाते ती कोणाच्या मालकीची आहे हे विचारायला मला सेंट्रल रेल्वेने जावं लागतं.

तिथे एक तात्या आहेत, ऐंशी ओलांडलेले. माथाडीतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. त्यांना पाच पिढ्या तोंडपाठ आहेत. मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसले. ते डोळे मिटून सांगत होते आणि मी लिहीत होते: कोणाला किती मुलं, कोण लहानपणी गेलं, कोण दत्तक गेलं, कोण मुंबईत हरवलं. एका नावाशी ते थांबले. "हा सदुसष्टच्या भूकंपात गेला. भित पडली अंगावर." 11 डिसेंबर 1967 ची पहाट. सव्वाचारच्या आसपासच्या त्या भूकंपाचं केंद्र कोयनानगरजवळ होतं, पण वरच्या खोऱ्यातही मातीची घरं बसली. काकी तेव्हा तेरा वर्षांची, माहेरी होती. पुढे दोन महिने सगळं गाव अंगणात झोपलं, थंडीत, असं ती सांगते.

वंशावळ झाली. बारा माणसं निघाली. काकी आणि तिची दोन मुलं. आई, दादा, मी, धाकटा. धाकटे काका, ते हयात आहेत. थोरल्या आत्याचं निधन झालेलं, तिची तीन मुलं. आणि धाकटी आत्या, वाईकडे दिलेली.

याच बैठकीत एक वडीलधारे म्हणाले, "पोरींची नावं घालून सातबारा लांबवता कशाला? हक्कसोड घ्या आणि मोकळे व्हा. उद्या विकायची म्हटली तर दहा सह्या." ते वाईट मनाने बोलले नव्हते. खोऱ्यात आजवर असंच होत आलं आहे. बहीण रक्षाबंधनाला येते तेव्हा सही करते आणि साडी घेऊन जाते. दादा गप्प होता. मी पण गप्प, कारण माझ्याच नावाचा प्रश्न होता आणि त्यासाठी भांडताना माझी जीभ वळेना.

आई बोलली. ती अशा बैठकीत कधी बोलत नाही. "भाऊ, हक्कसोडीचा कागद नोंदवायला खर्च येतो म्हणतात. नाव लावायला येत नाही. मग बिनखर्चाचं करू की." सगळे हसले आणि विषय तिथेच संपला. तिने कायदा सांगितला नाही, पण कायदा तिच्याच बाजूला आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुली वारस आहेत, 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत त्यांना जन्मतः मुलाइतका हक्क मिळाला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. हे सगळं मी पाठ करून गेले होते. मला ते उच्चारावंच लागलं नाही.

धाकट्या आत्याला मी फोन करून विचारलं. ती म्हणाली, "मला वाटणी नगं बाय. मी काय आता तिकडं नाचणी लावायला येणार हाय? पर आमच्या दादांच्या नावाखाली माजं नाव असू दे. माजी नातवंडं म्हनत्यात, आजी तुला गावच न्हाय."

त्यानंतरचे चार महिने रविवारचे होते. कोपरखैरणे, नालासोपारा, डोंबिवली, वाई. आधार कार्डं, रेशनकार्डं, मृत्यूचे दाखले. आबांचा दाखला महापालिकेच्या विभाग कार्यालयातून, मोठ्या काकांचा ग्रामपंचायतीतून. 1979 च्या फेरफारात आबांचं घरगुती नाव होतं आणि माथाडी कार्डावर, दाखल्यावर दुसरं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. आत्याच्या मुलांच्या आडनावात एक वेलांटी वेगळी होती, त्याचंही. हा भाग कंटाळवाणा आहे, तो इथेच सोडते. फक्त एक सांगते: कोणाच्या घरात वारस नोंद राहिली असेल तर ती आईवडिलांची भावंडं हयात आहेत तोवर करून घ्या. एक पिढी गेली की बाराचे तीस होतात आणि नातं सांगणारं कोणी उरत नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये अर्ज द्यायला गेले तेव्हा काकीकडे चार दिवस राहिले. पाऊस नुकताच उघडला होता. या भागात पाऊस काय असतो ते मुंबईच्या पावसावरून कळत नाही. 2021 च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पडला होता. त्या वेळी घाट तुटले, दरडी आल्या, आणि काकीचा आवाज ऐकायला आम्हाला अकरा दिवस लागले होते.

अर्जासोबत गट नंबरांची यादी हवी होती. आठ-अ वर सात गट होते. मी काकीला अंगणात बसवून विचारलं, "यातलं कुठलं कुठे आहे?" तिला नंबर सांगून उपयोग नव्हता आणि मला नावं माहीत नव्हती. सातबाऱ्यावर वर एक रकाना असतो, 'शेताचे स्थानिक नाव'. आमच्या सातही उताऱ्यांवर तो कोरा.

काकी उठली. पायात चपला नव्हत्या, कंबरेला कोयती. मोजणीचा जुना नकाशा मी हातात धरला आणि आम्ही चालत निघालो. पहिलं घराच्या वरचं. "ह्ये पानंदीचं." जिरायत 0.11 हेक्टर, पोटखराब त्याच्या दुप्पट. पोटखराब म्हणजे कागदाच्या भाषेत लागवडीला न येणारी जमीन. तिथे तीन फणस, एक जांभूळ आणि करवंदाची जाळी होती, आणि जळणाची एक मोळी रचून ठेवलेली. दुसरं, ओहळाच्या पलीकडे, "टेपावरचं". हे वरकस, एक वर्ष वरी आणि दोन वर्षं पडीक. मातीला दम खाऊ द्यायचा असतो. मी विचारलं, सरळ दरवर्षी का नाही पेरत? तिने वाकून मूठभर माती घेतली आणि माझ्या तळहातावर ठेवली. खालून खडे, वर जेमतेम चिमूटभर काळं. "येवढीच हाय बग. समदी वापरली तर वाहून जाती."

तिसरं "देवाची पट्टी", तिथे पहिली पेंढी देवीला. चौथं आणि पाचवं एकमेकांना लागून, "भावकीचं", त्यात बांधावरून आजोबांच्या वेळी मारामारी झाली होती ती गोष्ट तिने बांधावर बसून सांगितली. सहावं आता रानच झालं आहे, कारवीने भरलेलं. आजूबाजूच्या बंद घरांच्या शेतांचंही तसंच. वावरं रानात गेली की रान घरापर्यंत येतं. कोयना अभयारण्य 1985 चं, ते 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. गवे, रानडुकरं, अस्वलं तिकडून येतात. पूर्वी चाळीस माणसं माळ्यावर रात्रभर जागायची, डबे वाजवायची. आता अख्ख्या मुऱ्यावर राखणीला काकी एकटी. गव्याबद्दल मात्र ती वाईट बोलत नाही. "त्येचंबी प्वाट हाय."

सातवं मुऱ्यावरचं. नाचणी गुडघ्याच्या वर आली होती, कणसं मिटलेल्या मुठीसारखी. काकीने एक कणीस हातावर चोळलं, फुंकर मारली आणि लाल दाणे मला दिले. मी प्रत्येक गट नंबरापुढे पेनने नाव लिहीत गेले. पानंदीचं, टेपावरचं, देवाची पट्टी, भावकीचं वरलं, भावकीचं खाललं, कारवटातलं, मुऱ्यावरचं. आबांना ही सगळी येत असणार. मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

"आन उंबराचं खाचर?" काकी म्हणाली.

ते यादीत नव्हतं. तिने खाली पाण्याकडे हात केला. तिच्या सासूचं भाताचं खाचर, सगळ्यांत चांगलं. लग्न होऊन आली तेव्हा ते पाण्यात जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण मे महिन्यात पाणी उतरलं की सासू तिला काठावर नेऊन बांध दाखवायची. दगडी बांध अजून उभा आहे. पाऊस लांबला त्या वर्षी मी पण पाहिला.

अर्ज गेला. तहसीलला सुनावणी झाली तेव्हा धाकटे काका कोपरखैरण्याहून दमा असताना आले आणि हरकत नाही म्हणून सही केली. ए.कु.मॅ. कमी करण्याचा आदेश 2025 च्या मार्चमध्ये निघाला. 1 एप्रिलपासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली, मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी करण्यासाठी, त्यामुळे पुढचा टप्पा लवकर सरकला. वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना 6-क ला, बारा नावं लागली. मग फेरफार धरला, नोटिसा निघाल्या, एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर. हरकतीसाठी पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत कोणीच हरकत घेतली नाही, तरी मी रोज सकाळी उठून आधी मोबाईलवर स्थिती बघायचे. मग मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, कॉटन ग्रीन स्टेशनवर गाडीची वाट बघताना नवा सातबारा उघडला. वर काकी. मग तिची मुलं. आई. दादा. माझं नाव सातवं किंवा आठवं असेल अशी कल्पना होती, ते सहावं होतं. शेवटी आत्या, वाईकडची. मी उभी राहून बाराही नावं दोनदा वाचली. गाडी आली आणि गेली.

काकीला कळवायचं तर ती खिंडीत येईल तेव्हा. चौथ्या दिवशी फोन आला. मी सगळी नावं क्रमाने वाचून दाखवली. ती मध्ये काही बोलली नाही. मागे पाऊस ऐकू येत होता. आत्याचं नाव आल्यावर म्हणाली, "तिलाबी घातलंस व्हय? बरं केलंस." मग विचारलं, "आन माज्या नावाम्होरं काय लिवलंय? मॅनीजर?"

"काही नाही काकी. नुसतं नाव."

"आसू दे."

यंदा दसऱ्यानंतर गवे पुन्हा आले. सगळी नाही, पाऊण नाचणी गेली. काकीने दुसऱ्याच दिवशी पोराकरवी कळवलं आणि वनरक्षक पंचनाम्याला आले. योगायोगाने मी सुट्टी काढून गावीच होते, पण माझी गरज पडली नाही. तिने ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला उतारा काढला, तो माझ्याकडे न देता त्यांच्याच हातात दिला. त्यांनी गट नंबर उतरवून घेतला आणि विचारलं, "शेत कुठलं म्हणायचं, मावशी?"

"मुऱ्यावरचं," काकी म्हणाली. "लिवा. मुऱ्यावरचं."

त्यांनी लिहिलं.